वहीतल्या जुन्या नकला



आजच्या विषयाचं नाव ऐकून पान उलटू नका. रायबोसोमची खोटी जनुकं, असं ते नाव आहे. आम्ही बचत गटाच्या बाया. आमच्यातली समन्वयक बीए झालेली, तीही मराठी घेऊन. मग हे डॉक्टरांचं दळण आम्ही कशाला दळायला घेतलं? तर पैशापायी. बाईमागे ४,५०० रुपयांपायी.

पावसाळ्याच्या तोंडावर गावात एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं गोड. म्हणाला, बोटातून थोडं रक्त घेतो, तुमच्या जनुकांत जो निकामी कचरा पडलेला असतो तो मशीनवर तपासतो आणि कॅन्सर होणार की नाही ते सांगतो. एरवी ६,००० रुपये, बचत गटाला ४,५००. सोबत एका वर्तमानपत्राचं कात्रण होतं. शास्त्रज्ञांना निकामी जनुकांत कॅन्सरची खूण सापडली, अशी बातमी. आमच्या गटात एका ताईची आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली आहे. तिने पहिलं नाव दिलं. बघता बघता ११ नावं झाली. पैसे अंतर्गत कर्जातून द्यायचे ठरले, सूचक झाल्या, अनुमोदक झाल्या, ठराव पास. त्या ठरावावर आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत, हे आधीच कबूल करतो.

मोडता घातला तो आमच्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "कात्रणातलं खरं असंल गं. पण ह्या माणसाच्या पिशवीचा नि त्या कात्रणाचा संबंध काय?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग आम्ही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना रेडिओच्या खोलीत बोलावून घेतलं, एकदा नाही, तीनदा. त्यातून आम्हाला जे उमगलं ते आमच्या भाषेत सांगतो.

आपलं अंग पेशींचं बनलेलं आहे, भिंत विटांची असते तसं. बहुतेक पेशींत डीएनए नावाची एक मोठी वही असते. त्या वहीत प्रथिनं कशी करायची याच्या कृती लिहिलेल्या असतात. एक कृती म्हणजे एक जनुक, इंग्रजीत जीन म्हणतात ते. माणसाच्या वहीत अशा सुमारे २०,००० कृती आहेत. पण ही वही कपाटाबाहेर येत नाही. आपल्या ग्रामसंघाचं इतिवृत्ताचं रजिस्टर आपण कुणाला घरी नेऊ देतो का? बँकेला ठराव हवा असेल तर तेवढाच उतरवून देतो. पेशीही तेच करते. हवी ती कृती एका चिठ्ठीवर उतरवते आणि चिठ्ठी बाहेर धाडते. या चिठ्ठीला आरएनए म्हणतात.

चिठ्ठी जाते रायबोसोमकडे. हा रायबोसोम म्हणजे जातं समजा. जात्याला दोन पाळ्या असतात, तसेच याचेही दोन भाग, एक मोठा आणि एक लहान. चिठ्ठी दोघांच्या मधून सरकते आणि तिच्यावर लिहिल्याप्रमाणे प्रथिन तयार होतं. फरक एवढाच की आपलं जातं दाण्याचं पीठ करतं आणि हे जातं एकेक मणी ओवून माळ करतं. एका पेशीत अशी लाखो जाती असतात, रात्रंदिवस चालणारी. केस, रक्त, स्नायू, अंगावरचं दूध, सगळ्यातलं प्रथिन याच जात्यातून आलेलं.

हे जातं आतून कसं दिसतं ते शोधल्याबद्दल २००९ साली तिघांना नोबेल मिळालं. त्यातले एक व्यंकटरामन रामकृष्णन, जन्म तामिळनाडूतल्या चिदंबरमचा, पदवीचं शिक्षण बडोद्याला. दुसरे अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ. तिसऱ्या इस्रायलच्या अदा योनाथ, जेरुसलेममधल्या एका गरीब घरातल्या मुलगी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण रेडिओच्या खोलीत मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या नववीच्या पोरीने वही काढून त्यांचं नाव लिहून घेतलं.

आणि या जात्याशी आपली ओळख जुनीच आहे. ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनची गोळी तुमच्यापैकी कित्येकींनी घेतली असेल. टीबीला पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं द्यायचे, घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असतील. ही सगळी औषधं जंतूच्या रायबोसोमवर काम करतात. जंतूचं जातं आणि आपलं जातं यांची घडण थोडी वेगळी असते. औषध जंतूच्या जात्यात खडा टाकतं, आपलं जातं चालू राहतं. डॉक्टर ज्याला 'औषधाचं लक्ष्य' म्हणतात ते हेच. नेमका खडा कुठे टाकायचा, ती जागा.

आता नकलांकडे येऊ. आपलं रायबोसोम बनवायला ८० च्या आसपास प्रथिनं लागतात. म्हणजे वहीत त्यांच्या ८० च्या आसपास कृती. जाती लाखो, त्यामुळे या कृतींच्या चिठ्ठ्या पेशीत कायम ढिगाने फिरत असतात. आणि पेशीत एक खोडकर यंत्रणा आहे. ती कधीमधी फिरणारी चिठ्ठी उचलते आणि तिच्यावरचा मजकूर परत मोठ्या वहीत, भलत्याच पानावर उतरवून ठेवते. ना तारीख, ना सही, ना शिक्का. असा ठराव रजिस्टरमध्ये सापडला तर बँक त्यावर पैसे देईल का? नाही देणार. पेशीही त्याच्यावर काही करत नाही. वर्षानुवर्षं तो मजकूर तसाच पडून राहतो, अक्षरं पुसट होतात, मधली एखादी ओळ उडते. वही आईकडून लेकीकडे येते तेव्हा या नकलाही येतात.

ज्या चिठ्ठ्या जास्त फिरणार त्यांच्याच नकला जास्त होणार, हे ओघानेच आलं. २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मोजदाद केली. मूळ कृती ८० च्या आसपास आणि नकला २,००० च्या वर! त्यातल्या आरपीएल२१ नावाच्या एकट्या कृतीच्या १०० हून जास्त. या नकलांना शास्त्रात स्यूडोजीन म्हणतात, म्हणजे खोटं जनुक. आम्ही आपलं नक्कलच म्हणणार.

'स्यूडोजीन' हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला १९७७ साली, आणि तोही रायबोसोममधल्याच एका तुकड्याच्या नकलेसाठी. ती नक्कल सापडली आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकात. हा बेडूक आपल्या बायकांच्या जुन्या उपकाराचा. १९३० नंतर बरीच वर्षं परदेशातल्या दवाखान्यांत दिवस गेलेत की नाही ते याच्यावर बघायचे. बाईची लघवी बेडकीला टोचायची. दिवस गेलेले असतील तर बेडकी काही तासांत अंडी घालायची. आता आशाताईंकडे पट्टी मिळते म्हणून आपण सुटलो, आणि बेडकीही सुटली.

असो. या नकलांना कितीतरी वर्षं सरळ कचरा म्हटलं गेलं. शास्त्रज्ञांचंही आपल्यासारखंच, कामाची दिसली नाही की वस्तू माळ्यावर. पण पुढे लक्षात आलं की काही नकला योगायोगाने अशा पानाशेजारी जाऊन बसल्यात, की त्या पानाच्या शिक्क्यात यांचंही काम होऊन जातं. म्हणजे त्यांच्याही चिठ्ठ्या निघतात. त्या चिठ्ठीवरून धड प्रथिन होत नाही. पण चिठ्ठी म्हणून ती फिरते, आणि फिरता फिरता दुसऱ्याच्या कामात पडते.

कशी पडते ते शेतातलं बघा. सोयाबीनला अळी नको म्हणून आपण कडेने एरंडी लावतो. टोमॅटोत झेंडूची ओळ घालतो. कीड सापळा पिकावर जाते आणि मुख्य पीक वाचतं. पेशीतही चिठ्ठ्या खाणारी एक कीड आहे. कीड म्हणणं तसं बरोबर नाही, कारण ती पेशीनेच ठेवलेली असते, कुठली चिठ्ठी जास्त होऊ नये म्हणून. ते आरएनएचेच अगदी बारीक तुकडे असतात. पीटेन नावाचं एक जनुक आहे, पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारं. त्याचीही एक नक्कल आहे. ही रायबोसोमची नक्कल नव्हे, पण गोष्ट तीच. २०१० साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या नकलेची चिठ्ठी सापळा पिकासारखी उभी राहते. बारीक तुकडे तिच्यावर जातात आणि मूळ पीटेनची चिठ्ठी शाबूत राहते. काही कॅन्सरच्या गाठींत ही नक्कलच गायब झालेली आढळली. ज्याला कचरा म्हटलं, तो राखण करत होता.

पण सगळ्याच नकला अशा गुणाच्या नसतात. आता रायबोसोमच्याच एका नकलेकडे येतो. तिचं नाव आरपीएसएपी५२. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, आम्हीही हे कागदावर बघून लिहिलं आहे. ही नक्कल जिथे जाऊन बसली आहे तिथे, त्याच पानाच्या पाठीमागे म्हणा, एचएमजीए२ नावाचं जनुक आहे. बाळ पोटात असताना ते जनुक जोरात चालतं, कारण तेव्हा पेशी भराभर वाढायला हव्यात. मोठेपणी ते गप्प होतं. पण कित्येक गाठींत ते पुन्हा जागं होतं आणि त्याच्यासोबत ही नक्कलही जागी होते. २०१९ साली बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. ही चिठ्ठी गाठ वाढवणाऱ्या दुसऱ्या चिठ्ठ्यांना रायबोसोमपर्यंत पोचायला मदत करते, म्हणजे दळणाच्या रांगेत पुढे घुसवते. त्यांनी प्रयोगात ही चिठ्ठी कमी केली, तर पेशींची वाढ मंदावली आणि प्राण्यांमधल्या गाठीही सावकाश वाढल्या. शिवाय सार्कोमा म्हणजे हाडांचा, स्नायूंचा, चरबीचा जो कॅन्सर असतो, त्याच्या रुग्णांत ज्यांच्या गाठीत ही चिठ्ठी जास्त होती त्यांचा आजार जास्त वाईट वळणावर गेलेला दिसला.

या एका नकलेत दोन्ही गोष्टी आल्या. चिठ्ठी जास्त दिसली तर आजार कुठल्या वळणाचा आहे याचा अंदाज येतो, म्हणून ती 'खूण'. आणि चिठ्ठी कमी केली तर गाठ मंदावते, म्हणून ती औषधाचं 'लक्ष्य' होऊ शकते. होऊ शकते, एवढंच. या नकलेवरचं औषध अजून दुकानात नाही आणि दवाखान्यातही नाही.

असं औषध कधी होईल का, हा प्रश्न आम्हीही विचारला. तर एका लंगड्या कृतीवर औषध निघालेलं आहे. एसएमए नावाचा लहान मुलांचा आजार आहे, त्यात स्नायू हळूहळू निकामी होतात. आपल्याकडे १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी फोनवर मदतीचे निरोप फिरतात, तोच हा आजार. या मुलांची मूळ कृती बिघडलेली असते. पण वहीत तिच्यासारखीच दुसरी एक कृती असते, एसएमएन२. ती अगदी मेलेली नाही, लंगडी आहे. तिच्या चिठ्ठीतला एक तुकडा बहुतेक वेळा गळतो, म्हणून प्रथिन अर्धवट होतं. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत नुसिनरसेन नावाच्या औषधाला परवानगी मिळाली. ते या चिठ्ठीला जाऊन चिकटतं आणि गळणारा तुकडा गळू देत नाही. लंगडी कृती चालायला लागते. १६ कोटींचं इंजेक्शन ते हे नव्हे, ते वेगळ्या तऱ्हेने काम करतं. मात्र हेही औषध पाठीच्या कण्यात टोचावं लागतं आणि किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. मुद्दा इतकाच की चिठ्ठीला पकडणारं औषध ही हवेतली गोष्ट नाही.

तपासणीच्या बाजूने मात्र या नकलांचा त्रासही आहे. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, तान्ह्या बाळांचं रक्तच नीट तयार होत नाही. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी निघतं तो हा नव्हे. यात काही मुलांच्या आरपीएस१९ या रायबोसोमच्या कृतीत बिघाड असतो, हे १९९९ साली कळलं. पण या कृतीच्याही नकला आहेत. तपासणाऱ्याने मूळ पान वाचलं की नकलेचं, हे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, नाहीतर नकलेतली चूक मूळ पानाच्या नावावर जाते. चांगल्या प्रयोगशाळेलाही हे सांभाळावं लागतं. मग चटईवर बसून बोटाचं रक्त घेणाऱ्याचं काय घेऊन बसलात.

आता 'खूण' या शब्दाशी जरा थांबू, कारण आमचे पैसे जाणार होते ते याच शब्दापायी. खूण म्हणजे आजाराचा पत्ता देणारी, मोजता येणारी गोष्ट. दिवस गेल्याची पट्टी हे खुणेवरच चालतं, साखरेची तपासणीही तशीच. पण एखादी गोष्ट आजारी माणसाच्या गाठीत जास्त सापडली, म्हणून ती धडधाकट बाईच्या रक्तात आजार आधी सांगेल असं होत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. आणि खूण बरीचशी बरोबर असली तरी गोंधळ कसा होतो, ते आम्ही मासिक बैठकीत परात घेऊन करून बघितलं. तुम्हीही करा.

परातीत ज्वारीचे ९९५ दाणे घेतले आणि ५ हरभरे. मिळून १,००० बाया. हरभरे म्हणजे ज्यांना आजार आहे त्या. आता समजा एक तपासणी आहे, चांगली म्हणावी अशी. ५ पैकी ४ आजारी बाया ती पकडते, आणि निरोगी १०० बायांत फक्त ५ वेळा चुकते. ऐकायला बरं वाटतं ना? मोजा. ४ हरभरे बाजूला काढले. ज्वारीच्या ९९५ दाण्यांत शेकडा ५ चुका म्हणजे जवळजवळ ५० दाणे. तेही त्याच वाटीत टाकायचे. वाटीत झाले ५४. तपासणी म्हणते या ५४ जणींना कॅन्सर आहे. खरा आहे ४ जणींना. आणि एक हरभरा परातीतच राहिला, ती बाई आपल्याला काही नाही म्हणून खुशीत घरी गेली.

वाटी हातात घेऊन आम्ही बराच वेळ गप्प होतो. ५० निरोगी बाया. त्यांची झोप उडणार, बुडालेला रोज वेगळा, सोलापूरच्या नाहीतर मुंबईच्या फेऱ्या, घरात कुजबुज, एखादीच्या लेकीचं ठरत आलेलं लग्न. आणि ही तर चांगली तपासणी धरली आहे. त्या माणसाची तपासणी किती वेळा चुकते असं आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मशीन परदेशी आहे."

मग खुणेवर भरवसा ठेवायचा कधी? याचं उत्तर आम्हाला दूर कुठे नाही, आपल्याच मुलखात सापडलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ साली या कॅन्सरच्या गाठीत त्या विषाणूचा डीएनए दाखवला. त्यांना पुढे २००८ साली नोबेल मिळालं. म्हणजे खूण सापडली १९८३ ला. पण ही खूण तपासून बायांचे जीव वाचतात का, ते कुणी बघायचं? ते बघितलं गेलं उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि परदेशातली एक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून हे काम केलं. गावांचे ५२ समूह. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, एकात पॅपची, एकात व्हिनेगरची म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्या भागात तपासणी न करता फक्त माहिती. मग ८ वर्षं वाट पाहिली. एचपीव्हीची तपासणी झालेल्या भागात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तपासणी न झालेल्या भागात ६४. बाया दोन्हीकडे जवळपास सारख्याच, ३० हजारांच्या वर. म्हणजे एकदा केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आलं. २००९ साली ते छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

चौथ्या भागातल्या बायांचं काय, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि आम्हालाही ते टोचतं. त्या ६४ जणींची घरं आपल्याच भागातली. आमच्या गटातल्या एका आत्यांचं माहेर त्या जिल्ह्यातलं. त्यांना आठवतं, घरोघरी बायांची नावं आणि वयं लिहून नेली होती. कशासाठी, ते त्यांना आमच्या बैठकीत, वीस-पंचवीस वर्षांनी कळलं.

त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मरण फारसं कमी झालं नव्हतं. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने हीच तपासणी दर दोन वर्षांनी चारदा केली, साध्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून. तपासणी झालेल्या बाया ७५ हजारांच्या वर आणि न झालेल्याही तितक्याच. तिथे या कॅन्सरने होणारी मरणं ३१ टक्क्यांनी घटली. व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का बघायचं. परदेशी मशीन नाही, काही नाही. पण एकदा करून भागत नाही.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एचपीव्हीची खूण सापडल्यापासून तिच्या तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध व्हायला २६ वर्षं लागली, आणि त्यासाठी लाखाच्या वर बाया लागल्या. रायबोसोमच्या नकलांमधल्या खुणा सापडायला आता कुठे सुरुवात झाली आहे. प्रयोगशाळेतल्या पेशी, प्राणी, रुग्णालयात काढून ठेवलेल्या गाठी, एवढ्यावर त्यांचं काम चाललं आहे. काम खरं आहे, चांगलं आहे, आणि त्यातून उद्या काही निघेलही. कात्रण खोटं नव्हतं. कात्रणापासून आमच्या चटईपर्यंतची मधली सगळी वर्षं त्या माणसाने गिळली होती, ती खोटी.

तो पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला बसवून चहा दिला आणि विचारलं, ही तपासणी किती धडधाकट बायांवर करून बघितली, किती वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, किती वेळा चुकली, आणि खूण आहे असं निघालं तर पुढची तपासणी कोण करणार, कुठे. हे सगळं लेटरहेडवर लिहून दे म्हटलं. दोन दिवसांत आणतो म्हणाला. त्याला आता चार महिने झाले.

ठराव रद्द करायला मात्र वेगळी बैठक घ्यावी लागली. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, त्यामुळे जुना ठराव सह्यांसकट तसाच आहे, आणि चार पानं सोडून तो रद्द केल्याचा दुसरा. पुढच्या वर्षी ऑडिटला कुणी विचारलं तर आम्ही दोन्ही पानं दाखवू.

सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या बाईची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी फुकट होते. बीपी आणि साखरही बघतात. त्या ११ जणींपैकी ८ जणी उपकेंद्रातल्या शिबिराला गेल्या. तिघी लाजल्या, त्यांच्या मागे आम्ही लागलो आहोत. जिची आई गेली त्या ताईला पांढरा डाग दिसला म्हणून ग्रामीण रुग्णालयात पुन्हा बोलावलं. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरबाईंनी तिला दोनदा समजावलं, आम्ही परात काढून तिसऱ्यांदा समजावलं. तपासायला बारीकसा तुकडा घेतला आहे. रिपोर्टची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. तिच्यासोबत काकू जाणार आहेत, सकाळच्या एसटीने, अर्ध्या तिकिटात.